साभार परत, आणि छापून आल्यानंतरचं

आर्णी तालुक्यातल्या एका २७ वर्षांच्या मुलाने विचारलं आहे: "सर, दोन वर्षांत चार कथा पाठवल्या. दोन 'साभार परत' आल्या, एकीचं उत्तरच नाही. चौथी दिवाळी अंकात छापून आली, पण तिच्यातली वऱ्हाडी काढून टाकली होती. परत आल्या तेव्हा वाईट वाटलं, ते ठीक आहे. पण छापून आल्यापासून तर काही सुचतच नाही. घरचे म्हणतात, आता पुरे, वावराकडे पाहा. हे पचवायचं कसं? आणि बोलीत लिहिणं सोडून देऊ का? मला अहोजाहो करू नका."

नाही करत. तुझ्याएवढा मुलगा आहे माझा.

तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, "छापून आल्यापासून काही सुचत नाही." बाकी सगळं मला ओळखीचं आहे. नकाराबद्दल लोक चारचौघांत बोलतात, संमेलनाच्या मांडवात तर त्याचे किस्से होतात. होकाराने माणूस बिघडतो हे मात्र कोणी सांगत नाही, कारण सांगायला गेलं तर मिजास वाटते. माझी स्वतःची वर्षं नकारांनी फारशी खाल्ली नाहीत. खाल्ली ती होकारांनी. पण आधी नकाराचं बोलू.

मी १९८७ साली पहिली कथा पाठवली. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत लागून दोन वर्षं झाली होती. कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट जोडावं लागायचं. म्हणजे नकार यायचा तोही आपल्याच अक्षरात आणि आपल्याच खर्चाने. जाड पाकीट आलं की कथा परत, पोस्टकार्ड आलं की घेतली, एवढं न उघडताच कळायचं. आमच्या गावचं पोस्ट एका किराणा दुकानात होतं. पोस्टमास्तर गुळाचा खडा तराजूत टाकता टाकता गिऱ्हाइकांसमोर सांगायचे, "मास्तर, तुमचं वापस आलं." दुसऱ्या दिवशी चौथीतलं पोट्टं विचारायचं, "गुरुजी, काय वापस आलं?" माझ्या बायकोने तर एकदा मंगळवारच्या बाजारात ऐकलं.

तुझा नकार फोनवर येतो. कोणाला कळत नाही. तुला हे बरं वाटत असेल, मला ते तितकंसं बरं वाटत नाही. आमची लाज गावभर होऊन संध्याकाळपर्यंत संपून जायची. तू ती खिशात ठेवतोस आणि रात्री खाटेवर पडून पुन्हा पुन्हा उघडून पाहतोस. एखाद्याला तरी सांग. ज्याला कथेतलं काही कळत नाही अशाला सांगितलेलं उत्तम. माझा एक सालदार होता, त्याला मी सांगायचो. तो म्हणायचा, "दुसऱ्या दुकानी दाखवा ना मग." हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर निघाला.

पुढे एका दिवाळी अंकाच्या संपादन मंडळात मी सहा वर्षं बसलो. अंक जिल्हा पातळीचा, फार मोठा नाही. तिथे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने जे पाहिलं त्याने माझं अर्धं दुखणं गेलं, म्हणून सांगतो.

अंकात जागा सात-आठ कथांची. त्यातल्या तीन-चार उन्हाळ्यातच नावाजलेल्या लेखकांना सांगून ठेवलेल्या, कारण मुखपृष्ठावर नावं लागतात आणि नावं पाहून जाहिराती येतात. उरलेल्या चार जागांसाठी मोठा गठ्ठा. तो आम्ही तिघं शाळा सुटल्यावर एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत वाचायचो. पहिली दोन पानं सगळ्यांची वाचायचो, हे शपथेवर सांगतो. तिसरं पान सगळ्यांच्या नशिबात नसायचं. एकदा विहिरीवरची एक फार चांगली कथा आम्ही परत केली, कारण आठ दिवस आधी विहिरीवरचीच दुसरी घेऊन बसलो होतो. आधीची कथा नंतरचीपेक्षा डावी होती. लेखकाला काय लिहिणार? छापील ओळ होती तीच पाठवली. त्याने ती वाचून काय काय समजून घेतलं असेल, देव जाणे. दुसऱ्या वर्षी दोन कथा घेतल्याचं कळवून झालं आणि गणपतीत सहकारी बँकेची व बियाणेवाल्यांची जाहिरातीची पानं येऊन पडली. दोन्ही कथा गेल्या. त्या लेखकांना फोन करण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण मी मास्तर, मला समजावता येतं!

हे सगळं ऐकून तू म्हणशील, म्हणजे माझ्या कथा चांगल्याच होत्या. तसंही नाही. गठ्ठ्यातल्या बऱ्याच कथा खरोखर कच्च्या असायच्या. पहिली तीन पानं गावाचं वर्णन, मग नायक एस.टी.तून उतरतो, आणि गोष्ट चौथ्या पानावर सुरू होते. तुझ्या परत आलेल्या दोन्ही कथा तू मला पाठवल्या आहेस, त्यातल्या एकीची गोष्टसुद्धा चौथ्या पानावरच सुरू होते. तेव्हा परत का आली याचा निवाडा त्या छापील ओळीवरून करू नकोस. तिच्यात काहीच नसतं.

मी काय करतो ते सांगतो. परत आलेली कथा धान्याच्या कोठीवर टाकून देतो. पंधरा दिवस, महिना. मग बायको तूर निवडायला बसली की तिला मोठ्याने वाचून दाखवतो. ती काही बोलत नाही, पण तिचे हात कुठे जोरात चालायला लागले तिथे मी पेन्सिलने खूण करतो. तिथे तिचं लक्ष कथेतून उठून तुरीत गेलेलं असतं. मग दुसऱ्या कोणाला तरी वाचायला देतो. दोघं एकाच जागी अडखळले तर ती जागा दुरुस्त करतो, एकटाच अडखळला तर नाही. आणि पुढच्या ठिकाणी पाठवतो. एका जुन्या शाळेच्या हजेरीवहीत कथेचं नाव, कुठे पाठवली, कधी, काय झालं, एवढं लिहून ठेवतो. एक कथा त्या वहीत नऊ ओळी चालली आहे. नवव्या ओळीत ती छापून आली, आणि लोक ज्या दोन-तीन कथांवरून मला ओळखतात त्यातली ती एक आहे.

उत्तराखाली संपादकाने स्वतःच्या शब्दांत एखादी ओळ जास्तीची लिहिली असेल, 'शेवट घाईत झाला' किंवा 'पुढे पाठवत राहा', तर त्या ओळीला किंमत आहे. ती ओळ लिहायला त्याच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नसते. एके काळी तर पूर्ण पत्रं यायची. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला सविस्तर लिहायचे, कथा पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचे. त्या साच्याचा जाच झालेलेही पुष्कळ होते. १९६९ साली लघुनियतकालिकवाल्या, म्हणजे स्वतःचे छोटे बंडखोर अंक काढणाऱ्या तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली, ती काही उगाच नाही. मासिक १९८२ साली बंद पडलं, मी लिहायला लागलो त्याच्या पाच वर्षं आधी. तेव्हा मला ना तिथली पत्रं मिळाली, ना होळीत टाकायला अंक.

नकाराला उलट उत्तर मात्र देऊ नकोस. मी एकदा दिलं होतं. तीन पानी. 'आपणांस ग्रामीण जीवनाचा परिचय दिसत नाही' अशी सुरुवात होती. २०१९ साली यवतमाळला साहित्य संमेलन झालं तेव्हा जेवणाच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ माझ्या छातीवरचं नाव वाचून हसले. म्हणाले, "तीन पानं, नाही का?" वीसेक वर्षं लक्षात ठेवलं होतं त्यांनी. वरून वांग्याची भाजी कशी खायची तेही मलाच विचारलं.

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, तीही सांगून टाकतो. यवतमाळचा पत्ता दिसला की पुण्या-मुंबईच्या काही संपादकांच्या मनात एकच कथा तयार असते. कापूस, कर्ज, विषाचा डबा. माझी एक विनोदी कथा, तान्ह्या पोळ्यात लाकडी बैलाच्या बक्षिसावरून झालेल्या भांडणाची, 'आपल्या भागातील वास्तव मांडणारे काही पाठवावे' अशा शेऱ्यासह परत आली होती. आता तान्हा पोळा आपल्या भागातला नाही तर कुठला? ज्याच्या घरात ते घडलं आहे त्याने त्यावर जरूर लिहावं, तो त्याचा हक्क आहे. पण अंकात जागा मिळते म्हणून दुसऱ्याच्या घरचं मरण उचलू नये. मी एकदा उचललं. कथा लगेच स्वीकारली गेली. त्या घरावरून मला रोज शाळेत जावं लागायचं.

उत्तरच न येण्याचं थोडक्यात सांगतो, त्यात सांगण्यासारखं फार नाही. दिवाळी अंकाची कथा मे महिन्यात गेलेली बरी, काहींच्या मुदती जूनअखेरच संपतात. आपली पंचाईत अशी की तेव्हाच मृग लागतो आणि घरात बियाण्याच्या पिशव्या येतात. म्हणून हरभरा निघाल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिल, लिहून घ्यायचं. पोळ्यापर्यंत उत्तर नाही आलं तर एक ओळीची आठवण पाठवायची. गणपती उठेपर्यंत काही नाही आलं तर 'कथा मागे घेत आहे' असं कळवून मोकळं व्हायचं आणि दुसरीकडे पाठवायची. कळवल्याशिवाय दोन ठिकाणी पाठवू नकोस. एकच कथा एकाच दिवाळीत दोन अंकांत आलेला माणूस मी पाहिला आहे, त्याला पुढे दोन्हीकडची दारं बंद झाली. आणि फाइल युनिकोडमध्येच पाठव. जुन्या फॉन्टातली कथा समोरच्या संगणकावर किड्यामुंग्यांसारखी दिसते, ती कोणी उलगडत बसत नाही. तुझ्या उत्तर न आलेल्या कथेचं कदाचित एवढंच झालं असेल.

आता होकार.

माझी पहिली कथा १९९० साली आली. आईवेगळ्या मुलीची होती, शेवटी ती गाव सोडते. संपादकांचं पोस्टकार्ड आलं, 'अत्यंत हृद्य'. ते कार्ड मी शाळेच्या डायरीत ठेवून वर्षभर फिरलो. त्यानंतर मी जे लिहिलं त्यात कोणीतरी आईवेगळं होतं किंवा कोणीतरी गाव सोडत होतं. मला ते दिसत नव्हतं. मला वाटायचं, माझा सूर सापडला. लिहायला बसलो की कागदावर त्या संपादकाची सावली पडायची, हे त्यांना आवडेल का, 'हृद्य' होईल का. अशी चार वर्षं गेली. तीन कथा त्यांनी घेतल्यासुद्धा. पाचवी परत आली, सोबत त्यांच्याच अक्षरात एक ओळ: 'ही कथा आपण पूर्वी पाठवली होती का?'

नव्हती पाठवली. नवीन होती.

त्या ओळीने मला जागं केलं, आणि ती ओळ नकाराची होती. तुला सुचत नाही ते यामुळेच असेल असा माझा अंदाज आहे. पहिल्या तीन कथा लिहिताना तुझ्यासमोर कोणी नव्हतं. आता लिहायला बसतोस तेव्हा छापून आलेली चौथी शेजारी येऊन बसते आणि नवीनच्या पहिल्या वाक्याला नाक मुरडते. उपाय मला एकच सापडला, तो फार शहाणपणाचा नाही. छापलेली कथा ज्या माणसांबद्दल, ज्या सुरात होती त्याच्या अगदी उलट काहीतरी मुद्दाम लिहायचं आणि ते कुठेही पाठवायचं नाही. मी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एक टवाळ नाटुकलं लिहिलं होतं. त्यानंतर हात सुटला.

दुसरी गोष्ट गावातली. शहरातला लेखक छापून येतो तेव्हा ज्याच्यावरून लिहिलं तो माणूस वाचेलच असं नाही. आपल्याकडे अंक ग्रामपंचायतीच्या वाचनालयात येतो आणि तिथे वाचणारे तेच आठ जण असतात. धुऱ्यावरून दोन भावांत भांडण, धाकटा रात्री धुरा कोरतो, अशी माझी एक कथा होती. नावं बदलली, जात बदलली, वावरातलं पीकही बदललं, पऱ्हाटीची तूर केली. धुऱ्यावरचं बाभळीचं झाड तेवढं राहिलं. माझ्या चुलतभावाने ते झाड ओळखलं. घरी आला, अंक ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "दादा, मले इचारलं असतं त मीच सांगितलं असतं सारं. असं लिहून काहून सांगतलं गावाले?" दोन वर्षं बोलला नाही. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्हाला निरोप नव्हता. ती कथा आधी दोन ठिकाणांहून परत आली होती आणि तेव्हा मी संपादकांना शिव्या घातल्या होत्या. आता कथा पाठवण्याआधी मी एकदा एवढ्याचसाठी वाचतो, की यातलं झाड कोण ओळखेल. कधी झाड काढतो. कधी त्या माणसाला जाऊन आधी सांगतो. एकदा दोन्ही जमेना, तेव्हा ती कथा पाठवलीच नाही. ती अजून कोठीवरच आहे.

घरच्यांचं म्हणशील तर त्यांचं चुकत नाही. दिवाळी अंक येतो तेव्हा सोयाबीनची सोंगणी-मळणी चाललेली असते, कापसाची पहिली वेचणी तोंडावर असते आणि मजूर मिळत नसतात. अशा वेळी आपण अंक हातात घेऊन दारात उभे राहतो. माझ्या वडिलांनी पहिली कथा पाहून विचारलं होतं, "किती भेटले?" तेव्हा काहीच भेटले नव्हते, अंकाची एक प्रत भेटली होती. आजही बऱ्याच ठिकाणी तेवढंच मिळतं. मानधन आहे का हे होकार आल्याबरोबर एका ओळीत विचारावं, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. उलट जे तुझ्याकडेच पैसे मागतात, प्रातिनिधिक संग्रहात सहभाग शुल्क, वर सन्मानचिन्ह, तिकडे फिरकू नकोस. तो होकार नसतो, पावती असते. आणि सही कशावर करतोस ते वाच. कॉपीराइट कायद्याप्रमाणे तू लेखी दिल्याशिवाय कथेवरचा तुझा हक्क दुसऱ्याकडे जात नाही, म्हणून लेखी काय देतोस ते पाहून दे. पुढे संग्रह काढायचा झाला तर हेच आडवं येतं.

राहिली बोली. तुझा छापील अंक मी मागवून पाहिला. तुझ्या कथेत म्हातारी म्हणते, "बुढा मरून राहिला, तुमाले चहा सुचते?" छापताना ते 'म्हातारा मरत राहिला' झालं आहे. हे करणाऱ्याने मुद्दाम वाईट केलं असं मला वाटत नाही. 'मरून राहिला' म्हणजे 'आत्ता मरतो आहे' हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याला ती व्याकरणाची चूक वाटली. पण आता म्हातारा वर्षानुवर्षं मरत बसला आहे आणि म्हातारीचा सगळा संताप गेला. तुला याचाच राग आला असणार. मला वाचूनच आला.

बोली सोडू नकोस, पण तिची राखण तुलाच करायची आहे. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली, तिच्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात आणि ती कादंबरी महाराष्ट्रभर वाचली गेली. तेव्हा वाचकाला समजत नाही हे कारण जुनं झालं. मी निवेदन साध्या मराठीत ठेवतो, संवाद बोलीत. निवेदनातही वस्तूंची नावं बदलत नाही. धुऱ्याचा बांध करत नाही, वावराचं शेत करत नाही. शेवटी शब्दार्थांची यादी देत नाही, त्याने कथा पाठ्यपुस्तकासारखी दिसते. आणि कथेबरोबरच्या पत्रात दोन ओळी लिहितो: 'संवादांतील बोली मुद्दाम वापरली आहे. कुठे शब्द अडल्यास फोन करावा, बदलू नये. शक्य झाल्यास मुद्रिते पाहायला मिळावीत.' या ओळींमुळे माझी कथा कोणी परत केल्याचं आठवत नाही. एकदा रात्री दहाला फोन आला होता, 'काहून'मध्ये नुसतं 'का' आहे की थोडा रागही आहे, एवढं विचारायला. अर्धा तास बोललो आम्ही. फोनवर बोलून टाइप करत असशील तर मात्र नंतर नीट तपास. माझा फोन 'मले'चं 'मला' करून टाकतो, त्याचं संपादन मंडळ तर कुठे बसतं तेही माहीत नाही.

छापून झालेल्या कथेबद्दल संपादकांना एक पत्र लिही. भांडणाचं नको. ते एक वाक्य, त्याचा अर्थ काय होता आणि काय झाला, एवढंच. तीन पानं करू नकोस.

परत आलेल्या दोनपैकी, तू काम करतोस त्या कृषी केंद्रातल्या उधारीच्या वहीची जी कथा आहे ती मला जास्त आवडली. पहिली तीन पानं काढ, गिऱ्हाईक वही मागतं तिथून सुरू कर, आणि मालकाने ती वाचली तर तुझी नोकरी राहील का याचा आधी विचार कर. नवीन प्रत पाठव. टाइप केलेली, वहीचे फोटो नकोत, माझा चष्मा आता जुना झाला आहे. पेरणी आटोपल्यावर पाठवलीस तरी चालेल, मलाही तोवर वेळ नाही.